चुकीच्या हातावरचा पट्टा

माणसांना टोपणनावं ठेवायची खोड मला शाळेपासूनची. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, डाव्या अंगावरून वारं गेलं, पाय जवळजवळ पुरता परत आला, हात अर्धामुर्धा आला, आणि ही खोड मात्र अख्खीच्या अख्खी शाबूत राहिली. त्यामुळे जिच्याबद्दल लिहायला बसले आहे ती माझ्या लेखी सूनबाई. पहिल्यांदा तोंडावर म्हटलं तेव्हा ती खळखळून हसली आणि म्हणाली, "बाई, नाव चालेल. पण सासू कोण ते आधी सांगा, म्हणजे तयारीला लागते."

ती मुळात नर्स. मेंदूच्या आजारांच्या वॉर्डात तिने उमेदीची वर्षं काढली. मग संध्याकाळच्या वर्गांना जाऊन समाजशास्त्र शिकली. प्रबंधाला विषय घेतला तोही खास तिचा: ड्युटी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंटबद्दल काय सांगते, आणि काय सांगायचं टाळते. डॉक्टरेट मिळाली, हॉस्पिटलच्या संशोधन विभागात टेबल मिळालं, आणि तिथून पंचाईत सुरू झाली. नर्सेसच्या खोलीत ती शिरली की कामाचं बोलणं थांबायचं आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू व्हायच्या. सगळ्या तिला "मॅडम" म्हणायच्या, आणि इतक्या गोड बोलायच्या की अंगावर काटा यावा. डॉक्टर मंडळी पाहुण्यांना तिची ओळख करून द्यायची ती अशी: "या आमच्या सिस्टर आहेत, पण फार हुशार आहेत." त्या 'पण'साठी मी शाळेत मोठ्यातल्या मोठ्या मुलाला बाकावर उभं केलं असतं.

माहेरी पाहुणी आणि सासरी परकी. नाव मी उगाच ठेवलं नव्हतं.

माझा आणि तिचा संबंध आला तो संशोधनामुळे. अंगावरून वारं गेलेली माणसं आपला लुळा हात दिवसभरात खरोखर किती वापरतात, हे त्यांना शोधायचं होतं. डॉक्टरांसमोर सगळेच हात वर करून दाखवतात. मीही दाखवत असे. पाठ फिरली की तोच हात मांडीवर पडून राहतो, आणि न वापरल्याने कायमचा जातो. म्हणून मनगटावर एक पट्टा बांधायचा आणि हाताची दिवसभराची हालचाल त्यात नोंदवायची, अशी योजना होती. पैसे देणाऱ्या संस्थेने अट घातली होती की काम करणाऱ्यांत एक तरी पेशंट हवा. मी सापडले. ते स्वतःला टीम म्हणत. मी टोळी म्हणते.

टोळीची बैठक तळघरात, लॉन्ड्रीच्या शेजारच्या खोलीत भरे. भिंतीपलीकडे धुलाईची यंत्रं घरघरत असायची, वरून जाड पाइप गेलेले, आणि सगळीकडे गरम चादरींचा वास. लांबलचक टेबलाच्या डोक्याशी मोठे डॉक्टर. पेशंट चार मजले वर, पण स्टेथोस्कोप गळ्यात. मास्तराने घरीसुद्धा छडी घेऊन हिंडावं, तसं. त्यांच्या उजवीकडे पैलवान, म्हणजे फिजिओथेरपिस्ट. माझा हात त्यानेच परत आणला, त्यामुळे त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, पण तो सरळ खुर्चीत कधी बसला नाही. खुर्ची उलटी करून बसायचा. डावीकडे आकडेशास्त्री, जगातल्या प्रत्येक गोष्टीवर "तसं म्हणता येईल, पण खात्रीने नाही" असं म्हणणारे. आणि दाराजवळ इंजिनियर, ज्याने तो पट्टा बनवला होता आणि जो त्याच्याबद्दल बोलताना नवं बाळ झालेल्या बापासारखा दिसायचा.

पहिल्या महिन्यात हे चौघे एकमेकांशी बोलतच नसत. सगळे सूनबाईशी बोलत, आणि तिने ते दुसऱ्याला सांगायचं. मला माझ्या शाळेतले रुसलेले वर्ग आठवले. पण ती काही निरोप्याचं काम करायला आली नव्हती. तिने सरळ फर्मान काढलं: प्रत्येकाने एक दिवस दुसऱ्याच्या कामावर जायचं, आणि तोंड बंद ठेवून बघायचं. इंजिनियर व्यायामशाळेत बसला. पैलवान आकड्यांच्या खोलीत जांभया दाबत बसला. आकडेशास्त्री वॉर्डात गेले आणि एका आजोबांचा डायपर बदलताना पाहून घरी जाऊन झोपले. मोठे डॉक्टर अर्धाच दिवस आले, पण आले.

त्याचा परिणाम झाला. ओळख झाली, एकमेकांबद्दल आदर वाढला, चहा एकत्र होऊ लागला. आणि मी छातीठोकपणे सांगते, पुढचा सगळा घोळ त्या आदरातूनच झाला.

झालं असं. पट्टा लुळ्या हातावर बांधायचा, असं योजनेत स्वच्छ लिहिलेलं होतं. पण एका वॉर्डात तो चांगल्या हातावर बांधला जात होता, आणि तोही नेमका सूनबाईच्या जुन्या वॉर्डात. कारणही साधं होतं. लुळ्या हाताला सूज येते, तिथे घट्ट झालेलं पेशंटला कळत नाही. म्हणून त्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टा नको, घट्ट काहीच नको, हे नर्सेसच्या अंगात मुरलेलं असतं. नवा पट्टा आला, त्यांचे हात सवयीने चांगल्या मनगटाकडे गेले. मग आमच्याकडे आकडे आले ते डोळे दिपवणारे. लुळे हात म्हणे दिवसभर घास घेत होते, फोन फिरवत होते, मिशा पिळत होते. मोठे डॉक्टर खूश. व्याख्यानांतून या वॉर्डाचं कौतुक करू लागले.

फुगा फुटला तो एक पेशंट दुसऱ्या वॉर्डात हलवल्यावर. तिथे पट्टा बरोबर हातावर बांधला गेला, आणि सकाळी मिशा पिळणारा हात दुपारी निपचित पडला. आकडेशास्त्री म्हणाले, "हे असं होऊ शकतं, पण खात्रीने नाही," आणि या वेळी मात्र उठून स्वतः बघायला गेले.

दोन दिवसांत मोठ्या डॉक्टरांनी अहवाल तयार केला. संस्थेला कळवणं भागच होतं. त्यात वाक्य होतं: सदर वॉर्डातील परिचारिकांच्या निष्काळजीपणामुळे नोंदी वाया गेल्या. खाली त्यांची सही झालेली होती, आणि शेजारी सूनबाईच्या सहीला जागा सोडलेली होती.

बैठकीआधी ती मला लॉन्ड्रीच्या बाहेरच्या बाकावर भेटली. अहवाल हातात होता.

"वाचलंत, बाई?"

"वाचलं. खापर फोडायला डोकं बरं शोधलंय."

"मी सही केली, की त्या वॉर्डाचं दार मला कायमचं बंद. फक्त मला नाही, संशोधनालाच. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर पट्ट्याचा डबा जिन्यातून खाली फेकतील, आणि बरोबर करतील. आणि नाही केली तर..." ती थांबली. तिची नेमणूक दर वर्षी मोठ्या डॉक्टरांच्या शिफारशीने पुढे चालू राहत असे, आणि ते वर्ष संपत आलं होतं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, चालायचं बेताचं, लेक कॉलेजात. हे मला ठाऊक होतं.

"घरी काय म्हणाले?"

"हे म्हणाले, तुला जे दिसतंय ते लिही, चष्मा मी फुकट देतो." ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "वॉर्डातल्या म्हणतायत, ती आता डॉक्टरांचीच, सही करणार. डॉक्टर म्हणतायत ती नर्सच, तिची माणसं सांभाळणार. मला कोणी विचारत नाहीये की नक्की काय झालं."

"मग सही करू नकोस आणि मोकळी हो."

"नुसती नाकारून काय होणार? ते मी आपल्या माणसांसाठी नाकारली असं होईल. मला खरं लिहायचंय, बाई. आणि खरं काय ते यांच्याकडूनच वदवून घेणार आहे. मोठ्या सिस्टरना बोलावलंय बैठकीला."

सबंध संशोधनात वॉर्डातलं कोणी त्या तळघरात आलं नव्हतं. पट्टे बांधणारे हात त्यांचे, आणि खुर्ची मात्र एकही नाही. ही गोष्ट मलाही तोवर खटकली नव्हती, याचा मला त्या बाकावर बसल्या बसल्या राग आला.

मोठ्या सिस्टर आल्या. इस्त्रीचा गणवेश, पांढरे होत आलेले केस घट्ट बांधलेले. सूनबाईला काम यांनीच शिकवलेलं. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि म्हणाल्या, "काय लिहायचं ते मॅडम ठरवतील. आम्ही काय, सांगितलं ते करणारी माणसं." असं वाक्य बोलून टेबलावर बर्फाची लादी ठेवता येते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

मोठे डॉक्टर घाईत होते. "सही राहिली आहे फक्त. नंतर पुढच्या महिन्याचं बोलू."

"सर, सहीआधी एक विचारायचंय," सूनबाई म्हणाली. ती उभी होती, आवाज अगदी रोजचा. "पट्टा चुकीच्या हातावर आहे, हे आकडेशास्त्री जाऊन बघेपर्यंत कोणीच पाहिलं नव्हतं का?"

"पाहिलं असतं तर सांगितलं नसतं का?"

"मी पाहिलं होतं," ती म्हणाली.

आणि कोणी काही विचारायच्या आत पुढे बोलू लागली.

"दुसऱ्याच आठवड्यात पाहिलं. एका काकांच्या चांगल्या हातावर होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. वाटलं, मी बोलले तर म्हणतील, आली आमच्यात चुका काढायला. आता हिला वॉर्डाचं काय कळतंय. मी त्या वॉर्डाची राहिले नाही, हे ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून गप्प बसले. सर, निष्काळजीपणा लिहायचा असेल तर पहिलं नाव माझं घाला."

मोठ्या सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

मी आयुष्यभर वर्गात उभी राहून "कोणी केलं?" असं विचारत आले. उत्तर कधी मिळालं नाही. अळीमिळी गुपचिळी. आपणच आधी "मी" म्हणायचं, ही युक्ती मला कोणी बीएडला शिकवली नाही.

पहिला फुटला तो पैलवान. खुर्चीवरचे हात काढून तो म्हणाला, "मी रोजच बघत होतो. व्यायामाला येताना पट्टा चांगल्या हातात. मला वाटलं इंजिनियरने काहीतरी बदललं असेल, दोन्ही हात मोजायचे असतील. त्याच्या यंत्रात मी कशाला नाक खुपसू?"

"मला फोटो आले होते," इंजिनियर पुटपुटला. "वाटलं, वैद्यकीय काही कारण असेल. मी काय डॉक्टर आहे?"

आकडेशास्त्री घसा खाकरून म्हणाले, "आकडे फारच चांगले होते. इतके चांगले आकडे बघून मी खरं तर लगेच उठायला हवं होतं. पण मला वाटलं, फिजिओने कमाल केली आहे. त्याच्या कामावर शंका घ्यायची, तर तो माझ्याबरोबर चहा पिणार नाही."

पैलवानाने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हसावं का रडावं त्याला कळेना.

"म्हणजे सगळ्यांनी पाहिलं," सूनबाई म्हणाली. "आणि प्रत्येकाला वाटलं, हा दुसऱ्याच्या घरातला मामला आहे. सिस्टर, तुम्हाला विचारते. पट्टा लुळ्या हातावर बांधा, असं सांगितलं तेव्हा तुमच्या मनात आलं नाही, हे आपल्या नियमाविरुद्ध आहे?"

"आलं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी आलं. विचारणार कोणाला? आम्हाला कागद आला, कागदाबरोबर माणूस आला नाही. आमच्या मुलींनी पेशंटचा हात जपला. त्याला तुम्ही निष्काळजीपणा म्हणता, तर म्हणा."

आता सगळे मोठ्या डॉक्टरांकडे बघत होते, कोणी उघड, कोणी डोळ्यांच्या कोपऱ्यातून. हा गृहस्थ मला तोवर फारसा आवडत नसे. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढला, टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला.

"राउंडला मीही पाहिलं," ते शेवटी म्हणाले. "एकदा नाही. विचारणार होतो. बरोबर सगळे ज्युनियर होते. विचारलं असतं तर, माझ्याच संशोधनात काय चाललंय ते मला माहीत नाही, असं दिसलं असतं."

हे बोलणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला कळलं. मला ते त्या क्षणी आवडले, आणि तसं मी मोठ्याने म्हणालेही. ते लाजले.

सूनबाईने अहवालातलं ते वाक्य खोडलं आणि तिथल्या तिथे दुसरं लिहून वाचून दाखवलं: पट्टा चुकीच्या हातावर असल्याचं टीममधल्या जवळजवळ सगळ्यांनी पाहिलं होतं, दुसऱ्याच्या क्षेत्रात बोलणं योग्य नाही असं समजून कोणीही बोललं नाही, आणि पट्टे बांधणाऱ्या परिचारिकांना आम्ही चर्चेला कधी बोलावलंच नाही.

"हे पाठवलं तर पैसे बंद होतील," मोठे डॉक्टर म्हणाले.

"होऊ शकतात."

"तुमची जागाही त्याच पैशांतून आहे."

"माहीत आहे, सर," असं म्हणून तिने सही केली. मोठी, ठसठशीत, नावातलं एक अक्षर न खाता. मग कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी बराच वेळ वाचला. आपली जुनी सही खोडली, नव्या मजकुराखाली नवी केली, आणि आम्ही सगळ्यांनी पाठोपाठ केल्या. मी डाव्या हाताने कागद धरून ठेवला होता, हे पैलवानाने तेवढ्यातही टिपलं आणि शाबासकीचा अंगठा वर केला.

मोठ्या सिस्टर मात्र "वॉर्ड एकटा आहे" म्हणून उठल्या आणि कोणाकडे न बघता निघून गेल्या. सूनबाई दारापर्यंत मागे गेली, तिथून परत आली. त्या काही बोलल्या नव्हत्या.

पुढचे आठवडे वाट बघण्याचे. या काळात ती खचलेली मला दिसली नाही. तिने पट्टा सैल बसेल अशी मऊ पट्टी इंजिनियरकडून बनवून घेतली आणि दर काही तासांनी त्याखालची सूज बघायची पद्धत बसवली. हे सगळं मोठ्या सिस्टरना दाखवून, विचारून केलं. त्या "ठीक आहे, मॅडम" एवढंच म्हणत. मी म्हटलं, अगं, आता तरी बोलतायत का नीट? ती म्हणाली, "नाही बाई. पण पट्टी दोनदा परत पाठवली. म्हणजे बघतायत." आणि लगेच, दुसरीकडे बघत, "मला वाईट वाटतंय. मला त्या बाईंनी इंजेक्शन द्यायला शिकवलंय, पहिलं त्यांच्याच दंडावर."

संस्थेचं उत्तर आलं. त्या वॉर्डाच्या सगळ्या नोंदी रद्द, मुदत वाढवून, काम पुन्हा सुरू करा. आणि तुमच्या अहवालातला तो भाग इतर टीम्सना वाचायला देऊ का, अशी विचारणा. मोठ्या डॉक्टरांनी तिच्या नेमणुकीची शिफारस केली, आणि ओळख करून देताना "पण" म्हणायचं सोडलं. एकदा सवयीने तोंडात आलं, ते खोकल्यावारी नेलं.

काम पुन्हा सुरू झालं त्या सकाळी मी वॉर्डात गेले. नवीन पेशंटना पट्टा दाखवायला माझ्या मनगटाचा नमुना कामी येतो. सगळी टोळी होती. खिडकीजवळच्या पलंगावर एक आजी होत्या, वाचा गेलेल्या, घाबरलेल्या. पट्टा बघून त्यांनी हात मागे ओढला. सूनबाई त्यांच्याजवळ गेली, तो लुळा हात आपल्या हातांत घेतला, आणि बोलता बोलता पलंगाच्या कडेवर टेकली. हळूहळू आजींचा चेहरा सैलावला. आम्ही सगळे बघत होतो. डॉक्टर कौतुकाने मान डोलवत होते.

"ए! ऊठ आधी तिथून!"

मोठ्या सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून येत होत्या. पेशंटच्या पलंगावर नर्सने बसायचं नाही, हा या धंद्यातला पहिल्या आठवड्यातला धडा. दहा पलंगांची घाण एकीच्या कपड्यांवरून फिरते. डॉक्टर बसतात, नातेवाईक बसतात, संशोधनवाले तर हमखास बसतात, आणि त्यांना कोणी काही म्हणत नाही.

"किती वर्षं झाली गं तुला या कामात? पलंगावर बसायला मी शिकवलं होतं का? स्टूल काय शोभेला ठेवलंय? ऊठ, हात धू, आणि मग धर त्यांचा हात."

मोठे डॉक्टर, पैलवान, इंजिनियर, झाडून सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. सूनबाई ताडकन उठली.

मी इतकी वर्षं मुलांना रागावले. रागावून घेतल्यावर माणसाचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"चुकलं, सिस्टर," ती म्हणाली. ती बेसिनपाशी गेली आणि पाठमोरी उभी राहून हात धूत राहिली, जरुरीपेक्षा बराच वेळ. तोवर मोठ्या सिस्टरनी स्वतः स्टूल ओढून पलंगाशी आणून ठेवलं होतं.